वाजवून पाहण्याचे शास्त्र

उन्हाळ्याच्या तोंडावर कुंभाराकडे माठ घ्यायला गेलेले गिऱ्हाईक माठ उचलते, फिरवून पाहते आणि वाकवलेल्या बोटाने त्यावर दोन टिचक्या मारते. आवाज खणखणीत आला तर पैसे मोजायचे, बद्द आला तर तो खाली ठेवून शेजारचा उचलायचा. माठाच्या अंगात गेलेली केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. कलिंगडाच्या गाडीवर आणि नारळाच्या ढिगापाशीही हेच चालते. फोडून पाहिले तर शंकाच उरणार नाही, पण मग पाणी कशात भरायचे?

शास्त्रज्ञांची अडचण याच जातीची आहे. कृष्णविवर उघडून पाहता येत नाही. स्फटिकातले अणू एकेक करून मोजता येत नाहीत. भिंतीपलीकडे कुणी श्वास घेत आहे का, हे भिंत न पाडता ठरवायचे असते. मग टिचकी मारायची, किंवा निसर्गाने मारलेल्या टिचकीची वाट पाहायची, आणि बाहेर आलेल्या लहरींवरून आत काय आहे ते ओळखायचे. गणितात अशा कोड्यांना व्यस्त समस्या म्हणतात. कारण ठाऊक असताना परिणाम काढणे ही सरळ समस्या. परिणाम हाती असताना कारण शोधणे ही व्यस्त. खगोलशास्त्र, गणिती भौतिकी, बिनतारी संवेदन आणि पदार्थविज्ञान ही चार क्षेत्रे वरवर एकमेकांपासून लांब दिसतात. पण गेल्या दहा वर्षांतले त्यांचे गाजलेले शोध आणि गाजलेले वाद एकत्र मांडले, तर बहुतेकांच्या मुळाशी हेच कोडे सापडते.

ढोलाचा आकार ऐकू येतो का?

१९६६ मध्ये मार्क कॅट्स या पोलंडमध्ये जन्मलेल्या अमेरिकी गणितज्ञाने एक निबंध लिहिला. त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक होते: ढोलाचा आकार ऐकता येतो का? एखाद्याचा कान इतका तयार आहे की ढोलातून निघणारा प्रत्येक स्वर, मूलस्वरापासून सगळ्या उपस्वरांपर्यंत, त्याला अचूक कळतो. अशा माणसाला ढोल न पाहता त्याच्या तोंडाचा आकार सांगता येईल का?

यातली सरळ बाजू भारतात आधीच तपासली गेली होती. नुसते ताणलेले गोल कातडे वाजवले तर त्याचे उपस्वर मूलस्वराच्या पूर्णांकी पटीत येत नाहीत, म्हणून त्यातून ठोका निघतो पण सूर लागत नाही. मृदंग आणि तबला मात्र सुरात बोलतात. ही करामत मधल्या शाईची आहे, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या टिपणात आणि पुढे १९३४ च्या सविस्तर लेखात दाखवून दिले. शाईच्या वजनामुळे उपस्वर जागेवर येतात. वाद्याची घडण ठाऊक होती, आवाजाचे कारण सापडले.

उलट वाट अवघड निघाली. स्वरांवरून ढोलाचे क्षेत्रफळ कळते, हे हर्मान वाइल यांनी १९११ मध्येच सिद्ध केले होते. कडेची लांबीही कळते. पण संपूर्ण आकार? कॅट्स यांच्या प्रश्नाला उत्तर मिळायला २६ वर्षे लागली. १९९२ मध्ये कॅरोलिन गॉर्डन, डेव्हिड वेब आणि स्कॉट वोलपर्ट यांनी दोन वेगळ्या आकारांच्या अष्टकोनी आकृती काढून दाखवल्या. दोघींचे क्षेत्रफळ एक, परिमिती एक आणि सगळेच्या सगळे स्वरही एक. दोनच वर्षांनी श्रीनिवास श्रीधर आणि अर्शद कुद्रोली यांनी बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात त्याच आकारांच्या धातूच्या उथळ पेट्या बनवून त्यांत मायक्रोवेव्ह लहरी सोडल्या. मोजमापात दोन्ही पेट्या सारख्याच बोलल्या. म्हणजे जगातला सर्वांत तयार कानही या दोन ढोलांना वेगळे ओळखू शकत नाही.

ही गोष्ट इथेच संपली नाही. हमीद हेझारी आणि स्टीव्ह झेल्डिच यांनी २०१९ मध्ये दाखवले, की ढोल जवळजवळ गोल असलेल्या लंबवर्तुळाचा असेल तर मात्र त्याचा आकार ऐकता येतो. उत्तर मिळेल की नाही, हे समोरचा आकार कोणत्या कुळातला आहे यावरही अवलंबून असते.

फ्रेंच गणितज्ञ जाक आदामार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चांगल्या समस्येची तीन लक्षणे सांगितली होती. तिला उत्तर असावे, ते एकच असावे, आणि मोजमापात थोडी चूक झाली तर उत्तरातही थोडीच चूक व्हावी. व्यस्त समस्या बहुधा तिसऱ्या लक्षणावर अडकतात. आर्जेन्टिनाच्या सरकारी तेल कंपनीत तरुणपणी अभियंता असलेल्या आल्बेर्तो काल्देरॉन यांनी १९८० मध्ये विचारले, की पदार्थाच्या पृष्ठभागावर वीजप्रवाह मोजून आतली रचना कळेल का? १९८७ मध्ये जॉन सिल्व्हेस्टर आणि गुंथर उलमन यांनी तत्त्वतः 'हो' असे सिद्ध केले. पुढच्याच वर्षी जोव्हान्नी अलेस्सांद्रिनी यांनी त्या होकाराची किंमत मोजली: आतले चित्र जरासे स्पष्ट करायचे तर बाहेरच्या मोजमापाची अचूकता कैक पटींनी वाढवावी लागते.

मोजमापातून पुरेशी माहिती मिळत नसेल, तर उरलेली कुठून तरी आणावी लागते, आणि ती गृहीतकांतून येते. हे चोरून केलेले काम नाही. एमान्युएल कँडेस, टेरेन्स टाओ, डेव्हिड डोनोहो आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २००६ या काळात दाखवले, की उत्तर मूलतः साधे आहे, म्हणजे थोड्याच घटकांनी बनलेले आहे, असे खात्रीने म्हणता येत असेल तर अगदी थोड्या मोजमापांतूनही ते अचूक उभे करता येते. एमआरआय तपासणीचा वेळ कमी करण्यासाठी या गणिताचा उपयोग झाला आहे. गृहीतक खरे असेल तर सगळे सुरळीत चालते. ते खोटे निघाले तर काय होते, हे बाकीची तीन क्षेत्रे सांगतात.

कृष्णविवराची टिचकी

१९७० मध्ये मूळच्या कर्नाटकातील सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी संगणकावर एक टिचकी मारून पाहिली. त्यांनी कृष्णविवरावर गुरुत्वीय लहरींचा एक झोत सोडला, अर्थात समीकरणांमध्ये. परत आलेली लहर ठरावीक कंपनसंख्येने घुमत झपाट्याने विरून जात होती. घंटेचा नाद जसा घंटेवर अवलंबून असतो, ठोका देणाऱ्यावर नाही, तसाच हा नादही फक्त कृष्णविवरावर अवलंबून होता.

हा नाद ऐकू यायला ४५ वर्षे जावी लागली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पाच्या दोन्ही शोधयंत्रांनी सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर टिपली. मीलनानंतरचा नाद सुमारे २५० हर्ट्झचा होता आणि काही सहस्रांश सेकंदांत विरला. असे संकेत गोंगाटातून वेचण्यासाठी आधी त्यांचे नमुने तयार ठेवून जुळवत जाण्याची पद्धत वापरतात. तिच्या पायाभरणीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचे १९९१ पासूनचे काम महत्त्वाचे मानले जाते. इथेही गृहीतकाचा धोका आहेच: ज्याचा नमुना आपल्याकडे नाही ते निसटू शकते. म्हणून लायगो नमुन्यांशिवाय चालणारा शोधही समांतर ठेवते. २०१५ चा पहिला संकेत आधी त्याच बिननमुन्याच्या शोधाने पकडला होता.

सामान्य सापेक्षतेनुसार परिवलन करणारे कृष्णविवर, ज्याचे गणित रॉय कर यांनी १९६३ मध्ये मांडले, ते दोनच संख्यांनी पूर्ण सांगता येते: वस्तुमान आणि परिवलन. त्यामुळे एका स्वरावरून या संख्या काढायच्या आणि दुसरा स्वर त्यांच्याशी जुळतो का ते पाहायचे, अशी सोपी परीक्षा घेता येते. फक्त दुसरा स्वर ऐकू यायला हवा. २०१९ मध्ये एका गटाने पहिल्याच संकेतात उपस्वर सापडल्याचे सांगितले. २०२२ मध्ये दुसऱ्या गटाने त्याच नोंदी तपासून तो गोंगाटाचा खेळ असू शकतो, असे म्हटले. मीलन संपून नाद नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला असे मानायचे, या एका गृहीतकावर निकाल हलत होता.

या वादाला चांगले उत्तर यंत्राने दिले. १४ जानेवारी २०२५ रोजी जवळपास तेवढ्याच अंतरावरून, तेवढ्याच आकाराच्या कृष्णविवरांच्या जोडीचा संकेत आला; पण दहा वर्षांत यंत्रे इतकी सुधारली होती की तो गोंगाटाच्या तुलनेत सुमारे तिप्पट स्पष्ट होता. मूलस्वर आणि पहिला उपस्वर दोन्ही ओळखता आले आणि दोन्हींची साक्ष जुळली. मीलनाआधी दोन्ही कृष्णविवरांचे मिळून पृष्ठफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा कमी होते. नंतर ते सुमारे ४ लाख झाले. पृष्ठफळ कधीच घटत नाही, या स्टीफन हॉकिंग यांच्या १९७१ च्या प्रमेयाला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

गणित मात्र अजून यंत्राच्या मागे आहे. कर यांचे कृष्णविवर धक्का बसल्यावर घुमून पुन्हा स्थिर होते, हे एलेना जॉर्जी, सर्जू क्लाइनरमन आणि जेरेमी शेफ्टेल यांनी २०२२ मध्ये मांडलेल्या सिद्धतेत दाखवले. आधीच्या शोधनिबंधांसह ती सुमारे २,१०० पानांची आहे. तरीही ती संथ परिवलनाच्या कृष्णविवरांपुरतीच आहे. वरच्या दोन्ही मीलनांतून बनलेली कृष्णविवरे कमाल वेगाच्या जवळजवळ ७० टक्के वेगाने फिरत होती.

आठ दुर्बिणी आणि जुन्नरची थाळी

एप्रिल २०१७ मध्ये जगातल्या सहा ठिकाणच्या आठ रेडिओ दुर्बिणींनी मिळून एम-८७ दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराकडे रोख लावला. पृथ्वीएवढी एक दुर्बीण असल्यासारखे काम त्यांच्याकडून करून घ्यायचे होते. पण खऱ्या अखंड थाळीच्या तुलनेत ही आठ ठिपक्यांची थाळी म्हणजे चाळणीपेक्षाही जास्त छिद्रांची. मिळालेल्या नोंदींत बसतील अशी असंख्य चित्रे काढता येत होती.

संशोधकांना हे पक्के ठाऊक होते, म्हणून त्यांनी स्वतःलाच परीक्षेला बसवले. चार गट केले आणि एकमेकांशी बोलायला बंदी घातली. चौघांनाही प्रकाशाचे कडेच मिळाले. त्यानंतर चित्र उभे करणाऱ्या गणकरीतींना बनावट नोंदी देऊन पाहिले, त्यांत मध्ये भोक नसलेली भरीव तबकडीही होती. जी रीत भरीव तबकडीला कडे बनवील ती बाद. एवढे झाल्यावर १० एप्रिल २०१९ रोजी ते नारिंगी कडे जगासमोर आले. सूर्याच्या ६५० कोटी पट वस्तुमान, साडेपाच कोटी प्रकाशवर्षे अंतर.

२०२२ मध्ये माकोतो मियोशी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी त्याच खुल्या नोंदी वेगळ्या गृहीतकांनी उकलल्या आणि त्यांना कड्याऐवजी गाभा व त्यातून निघणारा झोत दिसला. मूळ चमूने त्यांच्या रीतीतील त्रुटी दाखवल्या, जपानी गट मागे हटला नाही. वादाचे पारडे कड्याकडे झुकले ते २०२४ मध्ये. ग्रीनलंडची नवी दुर्बीण जोडून २०१८ मध्ये घेतलेल्या स्वतंत्र नोंदींतही त्याच मापाचे कडे आले, फक्त त्याचा उजळ भाग सुमारे ३० अंशांनी सरकला होता. मधल्या काळात, २०२३ मध्ये, त्याच जुन्या नोंदींतून आणखी बारीक आणि रेखीव कड्याचे चित्र प्रसिद्ध झाले. ते बनवणाऱ्या संगणकाने कृष्णविवरांची सुमारे ३०,००० बनावट चित्रे पाहून तयारी केली होती, आणि ती सगळी आइन्स्टाइन यांच्या समीकरणांनुसार काढलेली होती. चित्र सुंदर आहे. पण आइन्स्टाइन बरोबर आहेत का, हे त्या चित्रावरून तपासायला जाणे म्हणजे साक्षीदाराला आधी जबानी पाठ करून देण्यासारखे होईल.

दुसरी मोठी बातमी २९ जून २०२३ ची, आणि तिच्यात पुणे जिल्ह्याचा वाटा आहे. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची जीएमआरटी दुर्बीण उभी आहे. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. पल्सार नावाचे मृत तारे घड्याळाच्या काट्यासारखे नियमित ठोके देतात. वर्षानुवर्षांच्या कालावधीची गुरुत्वीय लहर मधून गेली तर हे ठोके सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशाने मागेपुढे होतात. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, चीन येथील गटांसह भारत आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी या लहरींच्या सततच्या गुणगुणीचा पुरावा मांडला. ताऱ्यांमधल्या विरळ वायूमुळेही ठोके उशिरा येतात आणि तो उशीर कमी कंपनसंख्येला ठळक दिसतो; तो वजा करण्यासाठी जीएमआरटीच्या नोंदी मोलाच्या ठरल्या. ही गुणगुण महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांची की विश्वाच्या बाल्यावस्थेतली, हे अद्याप ठरलेले नाही. निर्णायक मानल्या जाणाऱ्या पाच सिग्माच्या कसोटीलाही त्या वेळी कोणताच गट पोहोचला नव्हता, आणि सगळ्यांनी 'शोध' न म्हणता 'पुरावा' हाच शब्द वापरला.

दिवाणखान्यातला राउटर

१९७० च्या दशकात जॉन ओसलिव्हन हे ऑस्ट्रेलियन रेडिओ अभियंते स्फोट पावणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे संकेत शोधत होते. कृष्णविवरे सापडली नाहीत. पण विस्कटून आलेल्या रेडिओ लहरी पुन्हा नीट करण्याचे गणित हाती लागले आणि त्याचाच पुढे सीएसआयआरओ संस्थेतील त्यांच्या चमूला उपयोग झाला. खोलीत लहरी भिंतींवरून, कपाटांवरून आपटून एकात एक मिसळतात; तो गुंता सोडवणाऱ्या त्यांच्या पद्धतीला १९९६ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. आजच्या वाय-फायचा तो एक पाया आहे.

आता तोच गुंता माहितीचा साठा ठरतो आहे. राउटर एकाच वेळी अनेक जवळजवळच्या कंपनसंख्यांवर संदेश पाठवतो. संदेश वाचण्यासाठी घेणाऱ्या यंत्राला प्रत्येक कंपनसंख्या वाटेत किती क्षीण झाली आणि किती सरकली, हे सतत मोजावेच लागते. खोलीत कुणी चालले की हे आकडे बदलतात. श्वास घेताना छाती ५ मिलिमीटर पुढे आली, तर परावर्तित लहरीची वाट जाऊन-येऊन १ सेंटिमीटरपर्यंत बदलते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी १२.५ सेंटिमीटर, म्हणजे लहर सुमारे २९ अंशांनी सरकते. श्वासाची लय मोजायला तेवढे पुरते.

अमेरिकेतील एमआयटीमध्ये दीना कताबी आणि फादेल अदीब यांनी २०१३ मध्ये भिंतीपलीकडची हालचाल वाय-फायने ओळखून दाखवली. २०१८ मध्ये कताबी यांच्या गटाने कमी शक्तीच्या रेडिओ लहरींवरून भिंतीमागच्या माणसाची काड्यांची आकृती काढली. यासाठी संगणकाला आधी कॅमेऱ्याची चित्रे आणि रेडिओ नोंदी एकत्र दाखवून शिकवले होते. खांदा आणि मनगट यांच्या मध्ये कोपर असते, हे त्याला नोंदींनी सांगितले नाही. ते त्याने शिकवणीतून आणले. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात साध्या राउटरवर असाच प्रयोग झाला तेव्हा अडचण उघडी पडली: शिकलेल्या खोलीत उत्तम चालणारी रीत अनोळखी खोलीत घसरली. फर्निचर बदलले की प्रतिध्वनींचा सगळा नकाशा बदलतो.

तरीही बाजार थांबलेला नाही. वाय-फायने संवेदन करण्याचे आंतरराष्ट्रीय मानक, ८०२.११बीएफ, २०२५ मध्ये मंजूर झाले. एकटे राहणारे आजीआजोबा घरात पडले तर कॅमेरा न लावता मुलांना कळावे, रुग्णाच्या अंगाला तारा न लावता श्वास मोजावा, हे उपयोग खरे आहेत. धोकाही तितकाच खरा आहे. जर्मनीतील कार्लस्रुहे तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२५ मध्ये १९७ जणांवर केलेल्या प्रयोगात, उपकरणे राउटरला कूटबद्ध न करता पाठवतात त्या नेहमीच्या संदेशांवरून माणसे जवळजवळ १०० टक्के अचूक ओळखली. त्यासाठी त्या माणसाच्या खिशात फोन असण्याचीही गरज नव्हती. कॅमेरा भिंतीवर दिसतो आणि त्याला हरकत घेता येते. राउटर नुसताच लुकलुकत राहतो.

अणूंची साक्ष

पदार्थविज्ञानाने तर शंभर वर्षांपूर्वीच व्यस्त समस्येशी घरोबा केला. १९१२ मध्ये माक्स फॉन लाउए यांनी स्फटिकातून क्ष-किरण पाठवले तर पलीकडे ठिपक्यांची नक्षी उमटते, हे दाखवले. नक्षीवरून अणूंची मांडणी काढायची. पण पडद्यावर लहरीची तीव्रता उमटते, तिची कला, म्हणजे ती चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे, ते उमटत नाही. अर्धी माहिती वाटेतच हरवते. दोन वेगळ्या मांडण्यांची नक्षी अगदी एक असू शकते, हे आर्थर पॅटरसन यांनी १९४४ मध्ये सांगितले होते. गणितज्ञांना जुळे ढोल सापडायच्या कितीतरी आधी स्फटिकशास्त्रज्ञांना जुळे स्फटिक भेटले होते.

वाट काढली ती गृहीतकांनीच. इलेक्ट्रॉनांची घनता कधी ऋण नसते आणि अणू सुटे सुटे ठिपके असतात, एवढ्या दोन साध्या गोष्टी धरून हर्बर्ट हॉप्टमन आणि जेरोम कार्ल यांनी हरवलेली कला परत मिळवण्याची रीत बसवली. १९८५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

दुसरे एक गृहीतक मात्र आपटले. स्फटिकातली मांडणी फरशीसारखी पुन्हा पुन्हा तीच येते, असे सगळे मानत होते. अशा मांडणीत दहा पाकळ्यांची सममिती येऊच शकत नाही. ८ एप्रिल १९८२ रोजी डॅन शेख्टमन यांना ॲल्युमिनियम आणि मँगनीजच्या मिश्रधातूत नेमकी तीच दिसली. दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग अखेरपर्यंत त्यांच्या विरोधात राहिले. नोंद खरी होती, चूक गृहीतकात होती. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने स्फटिकाची व्याख्याच बदलली आणि ती मांडणीऐवजी नक्षीच्या भाषेत केली. शेख्टमन यांना २०११ मध्ये नोबेल मिळाले.

नवा वाद यंत्रमानवाच्या प्रयोगशाळेचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने २२ लाख नव्या स्फटिकरचना सुचवल्या, त्यांपैकी ३ लाख ८० हजार टिकाऊ असल्याचे म्हटले. त्याच वेळी कॅलिफोर्नियातील बर्कली येथील स्वयंचलित प्रयोगशाळेने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ पदार्थ बनवल्याचे जाहीर केले. पदार्थ बनला की नाही, हे क्ष-किरणांच्या नक्षीवरून संगणकच ठरवत होता. लंडनचे रॉबर्ट पालग्रेव्ह आणि प्रिन्स्टनच्या लेस्ली शूप यांनी सहकाऱ्यांसह त्या नक्ष्या हाताने तपासल्या. त्यांच्या मते संगणकाने अणू शिस्तीत बसलेले गृहीत धरले होते. प्रत्यक्षात अनेक नमुन्यांत दोन प्रकारचे अणू एकमेकांच्या जागी सरमिसळ बसलेले असावेत, आणि तसे पदार्थ आधीच माहीत होते. एकही नवा पदार्थ सिद्ध होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. मूळ गटाने आपली बाजू मांडली, पण घाई झाली हे उघड आहे.

जिथे शिस्तच नाही, त्या काचेसारख्या पदार्थाचे काय? तिथे ठिपके उमटत नाहीत. मग वेगवेगळ्या कोनांतून छाया घेऊन त्यांवरून आतले चित्र जोडायचे. योहान राडॉन यांनी १९१७ मध्ये याचे गणित मांडले. जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये ते झटपट सोडवण्याची रीत दिली. त्याच वर्षी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि पुढे ही रीत त्या यंत्रांच्या गणनेचा आधार बनली. २०२१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जियानवेई मियाव यांच्या गटाने क्ष-किरणांच्या जागी इलेक्ट्रॉन वापरून, छायांचेच तत्त्व पाळत, आठ धातूंच्या एका काचरूप कणातल्या सुमारे १८ हजार अणूंची जागा त्रिमितीत नोंदवली.

या कामाचा धागा पुन्हा आकाशाला भिडतो. लायगोचे आरसे ४० किलोंचे, अतिशुद्ध सिलिकेचे. त्यांच्यावर सिलिका आणि टँटलम ऑक्साइडचे पातळ काचरूप थर असतात. यंत्र जिथे सर्वांत तल्लख असते, त्या १०० हर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात त्याच्या कानाला सर्वांत जास्त त्रास देतो तो याच थरांतल्या अणूंचा उष्णतेने होणारा थरथराट. कमी थरथरणारी काच सापडली तर अधिक दूरची कृष्णविवरे ऐकू येतील. म्हणून आज खगोलशास्त्रज्ञ काचेच्या कारागिरांकडे आशेने पाहत आहेत.

आता औंढा

चारही क्षेत्रांत आता कृत्रिम बुद्धिमत्तेला काम दिले जात आहे, आणि तिचे गृहीतक कागदावर लिहिलेले नसते. ते शिकवणीच्या नोंदींत मुरलेले असते. ओस्लो आणि केंब्रिज येथील गणितज्ञांनी सहकाऱ्यांसह २०२० मध्ये दाखवले, की वैद्यकीय चित्रे उभी करणाऱ्या अशा प्रणालींना नोंदीत नकळत फरक करून दिला तर चित्रात नसलेले डाग येतात आणि असलेले बारीक तपशील गळतात. आदामार यांचे तिसरे लक्षण इथेही आडवे आले.

आतापर्यंतचा हिशेब मांडला तर एक गोष्ट ठळक दिसते. एम-८७ चे कडे, कृष्णविवराचा उपस्वर, बर्कलीचे पदार्थ, या वादांत हुशार गणकरीतीने निकाल लावला असे कुठेच झाले नाही. जिथे निकाल लागला तिथे तो स्वतंत्र नोंदीने किंवा सुधारलेल्या यंत्राने लागला. पुढच्या वेळी अंतराळातले एखादे थक्क करणारे चित्र किंवा लाखभर नव्या पदार्थांची बातमी वाचनात आली, तर वाचकाने दोन प्रश्न जरूर विचारावेत: यातले मोजलेले किती आणि धरून चाललेले किती? आणि दुसऱ्या कुणाला, दुसऱ्या नोंदींवरून, तेच मिळाले का?

त्या दुसऱ्या नोंदीसाठीच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभे राहत आहे. २०१५ मध्ये दोनच यंत्रे होती, तेव्हा लहर कोणत्या दिशेने आली याचा अंदाज आकाशाच्या सुमारे ६०० चौरस अंशांत पसरला होता. १७ ऑगस्ट २०१७ रोजी इटलीतील व्हर्गो हे तिसरे यंत्र जोडीला असताना आलेल्या दुसऱ्या एका लहरीसाठी तो २८ चौरस अंशांवर आला, आणि ती जिथून आली ती दीर्घिका दुर्बिणींना काही तासांतच सापडली. औंढ्याच्या यंत्राच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि २०३० पर्यंत ते पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.